खिडकीचं तेवढं बघ

चि. राधा,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी आईला म्हटलं होतं की आता दोन दिवस मी काही बोलणार नाही. आज मंगळवार, झाले दोन दिवस. भांडायला लिहीत नाहीये हे आधीच सांगतो.

मॉडेलची बोट छान झालीय गं. पुढच्या टोकाला पट्ट्या वळतात तिथे एकही उचललेली दिसली नाही, आमच्या डॉकयार्डातल्या वर्कशॉपमध्ये चार चार वर्षं काढलेली पोरं तिथे पट्टी मोडायची. मी स्क्रीनशॉट काढून तुझ्या मामाला पण पाठवला. पण टेबलावर सुपरग्लूची बाटली, मागे खिडकी बंद, हीटर चालू, आणि बोलता बोलता तू तीनदा खोकलीस. मी मोजलं. तू म्हणालीस सर्दी आहे. असेल. न्यूकॅसलला थंडी किती ते मलाही कळतं, पण दोन बोटं तरी उघडी ठेवता येते ना खिडकी.

बरं ते राहू दे. तू मूळ विचारलं होतंस की कुठे काय लावू, आणि मी उत्तर द्यायच्या ऐवजी ओरडलो.

तर ऐक. लाकडाला लाकूड असेल तिथे आपला पांढराच गोंद, तिकडे पीव्हीए म्हणतात, म्हणजे फेविकॉलच. सुपरग्लू फक्त पट्टीच्या दोन टोकांना एकेक थेंब, मधे सगळीकडे पांढरा. टोकं लगेच धरतात आणि मधलं निवांत सुकतं, क्लॅम्प लावायला जागा नसते तिथे ही युक्ती कामाला येते. गोंद बाहेर आला की ओल्या फडक्याने तेव्हाच पुसायचा, कारण सुकलेल्या गोंदावर रंग चढत नाही, नुसता फिकट डाग राहतो, आणि तो दिसतो कधी तर स्टेन मारल्यावर. चुकून पट्टी वाकडी बसलीच तर पांढरा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, सुपरग्लूला मात्र अॅसिटोन लागतं आणि त्याचा वास अजून वाईट. दोऱ्यांना सुपरग्लू नकोच. दोरा कडक होऊन तुटतो, आणि सुती दोऱ्यावर किंवा कापसावर जास्त पडला तर चटका बसेल इतका तापतो, हे खरंच होतं, घाबरवायला सांगत नाहीये. गाठींना पांढरा गोंद पाण्यात पातळ करून ब्रशने लाव.

मास्क लावते म्हणालीस. कुठला? तो पांढरा एन ९५ असेल तर तो धुळीसाठी, पॉलिश पेपर मारताना लावच, अक्रोडाची धूळ वाईट असते. पण वाफ त्यातून आरपार जाते. वाफेला कोळशाच्या फिल्टरवाला लागतो. आणि तोही खिडकीच्या बदल्यात नाही.

झालं, परत आलो तिथेच. सॉरी.

आता सीलरचं, म्हणजे रंगाच्या आधी लाकडाला द्यायच्या हाताचं. डबीतला लॅकरवाला सँडिंग सीलर घेऊ नकोस, त्याला तसलाच थिनर लागतो. लाखेचं पॉलिश कर, नाना करायचे तसं. मेण काढलेली लाख घे, स्पिरिटमध्ये विरघळव, पातळ दोन हात दे, मधे बारीक पेपर. स्पिरिटलाही वास आहेच, पण उडून जातो. त्यावर वॉटर बेस काय, एनॅमल काय, दोन्ही बसतात. तू वॉटर बेस अॅक्रिलिकच घे. उघड्या लाकडावर पहिला हात दिला की लाकडाच्या रेषा उभ्या राहतात, तेव्हा सीलर आधी. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ दे, आणि शेवटी मॅट. ग्लॉस मारलास तर बोट खेळण्यातली दिसते. आधी उरलेल्या तुकड्यावर सगळं करून बघायचं, गोंदासकट. जवसाचं तेल वापरायचा विचार असेल तर फडकी चुरगळून डब्यात टाकू नकोस, आपोआप पेटतात. पसरून बाहेर वाळत घाल.

तुम्ही आयुष्यभर थिनरमध्ये हात घातलेत आणि मला शिकवताय, असं तू रविवारी म्हणालीस. बरोबर म्हणालीस. डॉकयार्डातून सुटलो की मी गॅलरीत पॉलिशची कामं करायचो, जोशीकाकांचं कपाट तुला आठवत असेल, पावसाळा होता म्हणून मी दार लोटून घेतलं होतं, नाहीतर पाण्याने पॉलिश पांढरं पडतं. पॉलिशचा विचार केला, आत तू झोपलेलीस त्याचा नाही केला. २००९ ची ती रात्र, रिक्षात आई तुला उभी धरून बसली होती आणि मी पुढे ड्रायव्हरला नुसतं चल चल म्हणत होतो. डॉक्टर नंतर म्हणाले घराण्यात आहे, तुमच्या आईला होता ना दमा. हो, होता. पण मी त्यानंतर स्प्रे गन विकली ती कशासाठी विकली हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं असेल तर माहीत नाही.

असो. भलतंच लिहीत बसलो.

हार्टलपूलला जाऊन आलीस, त्या ट्रिंकोमाली जहाजाचे फोटो मी परत परत बघतो. १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, मलबारचा साग, आणि अजून पाण्यावर आहे. मी त्याच गोदीत एकतीस वर्षं रंधा मारला, आणि ते जहाज बघायला आमच्या घरातून पहिली गेलीस ती तू. पुढचं मॉडेल त्याचंच करायचं म्हणतेस तर लाकूड विकत घेऊ नकोस. गावच्या घराची जुनी खिडकी काढली ना, तिच्या चौकटीचा साग नानांच्या पेटीशेजारी ठेवलाय, त्याच्या दीड मिलीमीटरच्या पट्ट्या मी काढून ठेवतो, दिवाळीला आलीस की ने. फक्त सागाला तेल असतं, गोंद धरत नाही, लावायच्या आधी अॅसिटोनने पुसून घ्यावं लागतं. ते मीच इथे अंगणात बसून पुसून दिलं असतं, पण पुसल्या पुसल्या चिकटवावं लागतं, थांबलं की तेल परत वर येतं. म्हणजे ते तुलाच करावं लागणार. बाहेर जाऊन कर. नाहीतर राहू दे, तिकडचं दुसरं कुठलं तरी लाकूड घे.

नाही, साग घेच. बघू काहीतरी.

आई विचारतेय पंप कधी संपतोय. मी विचारत नाहीये, ती विचारतेय. डेक झालं की फोटो टाक, आणि जरा लांबून काढ, मागची खिडकी पण येऊ दे त्यात.

तुझा,
बाबा