सहा मतं आणि पातळभाजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या अंकात जिल्हा पंचायत निवडणुकीत हरलेल्या एका तरुणाचं पत्र आलं होतं. नाव छापलं नाहीत, बरं केलंत. निकालापासून जेवण जात नाही, घराबाहेर पडावंसं वाटत नाही, लोक विकले गेले, आता गावासाठी इकडची काडी तिकडे करणार नाही, असं बरंच काही त्यात होतं. मी ते पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सगळं वाचलं, दुसऱ्यांदा फक्त ‘जेवण जात नाही’ एवढंच. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय मी. उपाशी पोर मला वर्गाच्या दारातून ओळखू येतं.

या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मीही हरलेली आहे. 10 ऑगस्ट 2022 रोजी गोव्यातल्या 186 पंचायतींची निवडणूक झाली, तेव्हा आमच्या वॉर्डातून मी उभी होते. निशाणी मिळाली कपबशी. भर पावसात घरोघर हिंडले. जिथं जाईन तिथं लोकांना एकच विनोद सुचायचा, ‘बाई, निशाणी कपबशी, मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.’ नाही म्हणायची सोय नव्हती. एका दिवशी मोजले, एकोणीस कप झाले. प्रचार संपेपर्यंत मला मतं किती मिळणार ते सांगता येत नव्हतं, पण पित्त होणार हे नक्की होतं.

12 तारखेला मोजणी. पंचायतीला मतदान कागदाच्या मतपत्रिकेवर असतं, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर घडतं. गठ्ठे बांधत होते, आणि शंकेच्या मतपत्रिका बाजूला काढत होते. त्यातली एक मला अजून दिसते. शिक्का माझी कपबशी आणि समोरच्याची निशाणी यांच्यामधल्या रेषेवर. इतका नेमका, की मुद्दाम मारायला सांगितला तर कुणाला जमणार नाही. अधिकाऱ्याने ती मतपत्रिका उजेडाकडे धरली, आडवी धरली, आम्हा दोघांना दाखवली आणि बाद मतांत टाकली. मी सहा मतांनी पडले. फेरमोजणी मागितली. पुन्हा सहाच.

साठ-सत्तरने पडले असते तर झोप आली असती. सहा हा आकडा फार वाईट. सहा म्हणजे चेहरे असतात. तिठ्यावर कुणी नमस्कार केला की वाटायचं, हा त्यांतला. दुकानात कुणी नजर चुकवली की वाटायचं, ही नक्कीच त्यांतली. महिनाअखेरीला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी, केलं आणि त्यात मीठच घातलं नाही. पाहुणे मुकाट्याने जेवले. हरलेल्या बाईला कोण बोलणार? नोव्हेंबरपर्यंत मी सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चार घास आणि रात्री काहीच नाही अशी राहिले. वजन उतरलं म्हणून शेजारीण कौतुक करायची.

इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात 2004 साली आला, तेव्हापासून आम्ही तिघी मैत्रिणी जातो. नोकरीत होतो तेव्हा रजा टाकून जायचो. त्या वर्षी मी नको म्हणत होते, तर एकीने मला न विचारता माझं प्रतिनिधी कार्ड काढलं. रविवारी उद्घाटन, सोमवारी मी पहाटे डिचोलीहून पणजीची कदंब बस पकडली. पोटात काही नाही. पहिला चित्रपट पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मधल्या वेळात मैत्रिणी खायला गेल्या, मी ‘भूक नाही’ म्हणून तिथंच बसले. चौथ्याच्या रांगेत जिन्याचा कठडा माझ्या हातातून हळूच निघून गेला. पडले नाही, बसले.

पुढं उभी होती केरळची एक मुलगी. केरळचे लोक या महोत्सवाला झुंडीने येतात आणि पाहावेत असे चित्रपट कुठले हे त्यांना आधीपासून पाठ असतं. तिने पिशवीतून डबा काढला. त्यात उकडलेली अंडी होती आणि मीठ-मिऱ्याची पुडी. सोमवार होता. आमच्या घरात सोमवारी अंड्याला हात लागत नाही. मी खाल्लं. दुसरंही खाल्लं. देवाला काय सांगायचं ते मी नंतर बघून घेतलं.

ती हिंदीत विचारायला लागली, आंटी, आजारी आहात का? म्हटलं, नाही, निवडणूक हरलेय. कितीने? सहाने. ती हसली. म्हणाली, म्हणजे तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर बरोबरी, आणि चार झाली असती तर तुम्ही जिंकला होता. मग चारच माणसांना पटवायचं राहिलं की!

संपादक महाशय, मी गणित शिकवलेली बाई आहे. तीन महिने मी सहा सहा म्हणून कुढत होते आणि ही वजाबाकी मला सुचली नव्हती. पोट रिकामं असलं की साधा हिशेब होत नाही, हे मी पोरांच्या बाबतीत पालकांना दर वर्षी सांगत आले. स्वतःला सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून मी महोत्सवात जेवणाच्या बाबतीत काटेकोर झाले. चित्रपट एखादा चुकला तरी चालेल. आता तुमचे वाचक म्हणतील, या बाई निवडणुकीवरून खाण्यावर कुठं घसरल्या. घसरले खरी, पण दर नोव्हेंबरात माझ्यासारख्या पुष्कळ बायका त्या जिन्यावर उपाशी उभ्या दिसतात, म्हणून लिहूनच टाकते.

सकाळी पणजीत उतरलं की सरळ महोत्सवाच्या ठिकाणी, कांपालला, जाऊ नये. आधी चर्चजवळच्या बागेच्या बाजूला टाटो कॅफेत किंवा मग भोंसलेंच्या कॅफेत जाऊन पातळभाजी आणि पाव घ्यावा. पातळभाजी म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटणाची, वर थोडी बटाट्याची सुकी भाजी घालून ‘मिक्स’ मागवायची. पाव उंडो, म्हणजे गोल गोव्याचा पाव, असेल तर उत्तम. त्याची कड कडक असते आणि भाजीत बुडवली तरी शरण जात नाही. सोबत एक मिरची. हे साडेआठच्या आत पोटात गेलं की दुपारपर्यंत काळजी नाही. घाईत असाल तर गावातच पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकून दोन उंडे घ्यावेत, कालची भाजी भरावी आणि बसमध्ये खावेत. मी केलंय, कंडक्टरने वास घेऊन विचारलंही होतं.

पिशवीत सालदाटी केळी ठेवावीत, पण कॅटलॉगच्या वर. कॅटलॉगच्या खाली ठेवली तर संध्याकाळी शिकरण मिळतं. शेंगदाण्याचे लाडू चार दिवस टिकतात.

दुपारचं मासळीचं ताट हा नाजूक विषय आहे. नोव्हेंबरात गोव्यात मासळीची चंगळ असते. जून-जुलैची बंदी संपून बरेच दिवस झालेले असतात, बांगडा ताजा असतो, सुंगटं (कोळंबी) असतात. बाहेरून आलेले प्रतिनिधी शीत, हुमण, तळलेला बांगडा, तिसऱ्या, किसमूर आणि वर दोन वाट्या सोलकढी असं सगळं ओढून थेट अडीचच्या खेळाला येतात. मग मध्य युरोपातला एखादा संथ चित्रपट सुरू होतो, पडद्यावर एक म्हातारा धुक्यात सात मिनिटं चालतो, आणि सभागृहात घोरण्याचे तीन-चार वेगवेगळे सूर लागतात. त्यातला एक सूर एका वर्षी माझा होता, मैत्रिणीने कोपर मारलं म्हणून कळलं. तेव्हापासून माझा नियम आहे: मासळी खायची तर पुढचा खेळ सोडायचा आणि मांडवीच्या काठाने चालायचं. नाहीतर दुपारी पेज-भाजीसारखं हलकं काहीतरी, आणि मासळी घरी. रात्री परतीच्या बसआधी एखाद्या गाड्यावर रस-ऑम्लेट. ऑम्लेटवर कोंबडीच्या शागुतीचा रस, वर कांदा, लिंबू. सोमवार-गुरुवार सोडून. आता सोडते.

त्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याला दयानंद बांदोडकरांचं नाव आहे, आणि तिथं चालताना मला दर वेळी माझे बाबा आठवतात. 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. मी आठ वर्षांची होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित प्रदेश राहायचं तर दोन पानं. बाबा फुलाचे. रात्ररात्र बैठका, भाषणं, सायकलवर पत्रकं. निकाल लागला: दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. चौतीस हजारांचा फरक. बाबांनी अंथरूण धरलं. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आजीने पेज आणि खाराची तोर (मिठातली कैरी) आणून त्यांच्या उशाशी आपटली आणि म्हणाली, ‘हारलो म्हणून किदें जालें? पेज निंवता, जेव.’ आजीला मतदान म्हणजे काय ते धड ठाऊक नव्हतं. पेज निवते हे ठाऊक होतं. बाबा उठून जेवले. मी भिंतीला टेकून बघत होते, एकही शब्द न बोलता त्यांनी वाडगा पुसून ठेवला होता.

त्याच वर्षी मार्चअखेरीला विधानसभेची निवडणूक झाली. जानेवारीत फुलाच्या बाजूने हरलेले भाऊसाहेब बांदोडकर 30 पैकी 16 जागा घेऊन पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत जिंकलेले विरोधी बाकांवर बसले. मतदार तेच, गावं तीच. लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली होती, एवढंच. (कौलाचा निकाल लागला तो गोव्याच्या दृष्टीने बराच झाला, असं मी आज म्हणते. बाबा असते तर मला त्या रात्री ओसरीवर झोपावं लागलं असतं.)

म्हणून त्या तरुणाचं ‘लोक विकले गेले’ हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. शिक्षिकेची सवय आहे, अरे-तुरे करते. बाबू, काही जण विकले गेलेही असतील. गोव्यात निवडणुकीच्या आदल्या रात्री काय काय वाटलं जातं ते तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. पण तुला ज्यांनी मतं दिली तेही त्याच गावात राहतात, त्याच तिठ्यावर उभे असतात, आणि तू घराबाहेर पडत नाहीस म्हणून तेही तुला भेटू शकत नाहीत. मला आमच्या वॉर्डातल्या दोनशेहून जास्त माणसांनी मतं दिली होती. तीन महिने मी त्यांच्यातल्या एकालाही ‘देव बरें करूं’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं नव्हतं. सहा जणांचा विचार करण्यात दोनशे माणसं विसरले. हे तर वजाबाकीहूनही सोपं होतं.

मुलीने सांगितलेली चार माणसं मी शोधायला गेले नाही, खोटं कशाला बोलू. मी ग्रामसभेला जायला लागले. पंच होता आलं नाही तरी ग्रामसभेला बसायचा आणि विचारायचा हक्क हरलेल्यालाही असतो, आणि ती दर तीन महिन्यांनी रविवारी भरतेच. मी ठरवलं, एका सभेत एकच प्रश्न. आमच्याकडे एक जुनी झर, म्हणजे पाण्याचा झरा, आहे, तिच्या पायऱ्या फुटल्या होत्या, वर दारूच्या बाटल्यांचा खच. पहिल्या सभेला विचारलं, इतिवृत्तात लिहा म्हटलं. दुसऱ्या सभेला मागच्या इतिवृत्तात ते आहे का, ते विचारलं. तिसऱ्या सभेला अंदाजपत्रकाचं विचारलं. पाचव्या सभेनंतर पायऱ्या झाल्या. केल्या त्यानेच, जो मला सहा मतांनी हरवून पंच झाला. उद्घाटनाला नारळ फोडायला मला बोलावलं. मी गेले. नारळ एका घावात फुटला नाही, दोन लागले, त्यावर गावात चार दिवस विनोद झाले. झरीवर आता सकाळी बायका कपडे धुवायला येतात. त्यातल्या एकीने एकदा साबण घासता घासता, मान वर न करता सांगितलं, ‘बाई, तेव्हा मी तुमका मत घालूंक ना.’ म्हटलं, बरं. ती म्हणाली, ‘तुम्ही चहा घेतला, पण माझ्या सुनेचं नाव विचारलं नाही.’

एकोणीस कप चहा, आणि सुनेचं नाव विचारलं नाही. ते नाव मला आता माहीत आहे, तिच्या मुलीचंही माहीत आहे. मुलगी माझ्याकडे पाढे शिकायला येते. तेरावर अडकलीय.

तेव्हा बाबू, तुझ्या मतदारसंघातली मतं माझ्या वॉर्डापेक्षा पुष्कळ जास्त, फरकही मोठा असेल. त्याला दोनने भागून एक मिळव, म्हणजे किती माणसं ते कळेल. कागद-पेन्सिल घेऊन बसायच्या आधी मात्र आईने वाढलेलं जेव. आणि येत्या नोव्हेंबरात इफ्फीला ये. मी सकाळी आठ वाजता पातळभाजीच्या टेबलावर असते, भिंतीकडच्या. भाजी माझ्याकडून, पावाचं तू बघ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली तालुका