परक्या माणसाशी बोलण्याबद्दल

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी थेरपी घेत असल्याचे फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही क्षणभर गप्प झालात आणि मग म्हणालात, "घरात माणसे असताना परक्याजवळ कशाला मन मोकळे करायचे?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

तुमची काळजी आधी मिटवते. मला गोळ्या चालू नाहीत आणि कामावरही मी नियमित जाते. फक्त पहाटे तीनला जाग यायची आणि ऑफिसचा मेल उघडताना छातीत धडधडायचे. अशा तक्रारींसाठी येथील सरकारी आरोग्यसेवेत २००८ पासून बोलण्याच्या उपचाराची सोय आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाव नोंदवता येते आणि पैसेही पडत नाहीत.

तुम्ही डायरीत रक्तदाब टिपून ठेवता, तसे येथे दर वेळी नऊ प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती याला शून्य ते तीन गुण द्यायचे; त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. माझी बेरीज पहिल्यांदा १६ आली होती.

मला वाटले होते की थेरपी देणाऱ्या बाई आता चार गोष्टी समजावतील. पन्नास मिनिटांत त्यांनी एकही सल्ला दिला नाही, उलट वहीत रकाने आखायला लावले: प्रसंग, मनात आलेला विचार, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा. विचार पुराव्यावर घासून पाहण्याची ही रीत १९६०च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने बसवली. एकदा साहेबांचा मेल आला, "सोमवारी दहा मिनिटे बोलू." मी वहीत लिहिले, "मला काढून टाकणार." बाजूच्या पुराव्याचा रकाना भरायला बसले, तर लिहिण्यासारखे काहीच सापडेना. सोमवारी कळले की नव्या मुलीला काम शिकवायचे होते. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आजी उगाच म्हणत नसे.

मात्र हे नुसते 'चांगला विचार कर' नव्हे. एकदा पुरावा भीतीच्याच बाजूने निघाला, कारण माझे काम खरोखरच मागे पडले होते. तेव्हा बाईंनी दिलासा दिला नाही. कोणते काम आधी उरकायचे आणि कोणाकडे मुदत मागायची, एवढेच आम्ही ठरवले.

आता तुमचा प्रश्न. तुमच्याशी बोलताना मी अर्धे गाळते, कारण तुमची झोप उडेल आणि आई "परत ये" म्हणेल. बाईंना सांगताना त्यांना जपावे लागत नाही. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडला, तर बोललेले तेथेच राहते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. घरच्या माणसांची जागा त्या घेत नाहीत. मागच्या रविवारी मी तुम्हाला हे सांगू शकले, तेही या बोलण्यामुळेच.

चौथ्या आठवड्यात मात्र मी अधिकच बिथरले होते आणि सोडून देणार होते. झाकलेले उकरले की काही दिवस ठणकते. कोणाला ही रीत मानवत नाही, कोणाला सोबत औषधही लागते. माझी बेरीज सध्या ९ आहे. पहाटेची जाग अजून पुरती गेलेली नाही.

आई म्हणत होती की निवृत्तीपासून तुम्हीही पहाटे उठून पडवीत फेऱ्या मारता. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून हेच काम मराठीतून करते आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, फुकट, मराठीत बोलता येते. आग्रह नाही. क्रमांक आईच्या फोनच्या वहीतही लिहून ठेवायला सांगितला आहे.

गुरुवारी चारला माझी वेळ असते. पाचला, म्हणजे तुमच्याकडे रात्री साडेदहाला, फोन करीन. या वेळी काही न गाळता सांगेन. तुम्हीही फेऱ्यांचे सांगा.

तुमची,
मुलगी