आक्रमक रॅकेट ऐंशीव्या मिनिटाला तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत पॅडेलच्या, म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टात दोन जोड्यांनी खेळायच्या टेनिससारख्या खेळाच्या, दोन ‘आक्रमक’ रॅकेटींची तुलना वाचली. एक अॅडिडासची मेटलबोन, दुसरी बॅबोलाटची टेक्निकल वायपर. पॅडेलला मराठीत अर्धे पान मिळाले याचा आनंद आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळी कुरकूरच आहे. लेखात ताकद, नियंत्रण, आराम अशा रकान्यांत दहापैकी गुण दिले आहेत आणि शेवटी अर्ध्या गुणाने एकीला जिंकवले आहे. मी वीस वर्षे अकरावी-बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवह्या तपासते. निष्कर्ष लिहिलाय आणि निरीक्षणांचा तक्ता कोरा, अशी वही आली की मी ती परत करते.

या दोन्ही रॅकेटी माझ्या हातून गेल्या आहेत. वायपर माझी, मेटलबोन माझ्या जोडीदाराची. दीड महिना आम्ही दोघी अदलाबदल करून खेळलो. मी डावीकडे उभी राहते, म्हणजे मधोमध येणारा उंच चेंडू बहुतेक वेळा माझा. त्याआधी पंधरा वर्षे बॅडमिंटन. त्यामुळे वर काही दिसले की हात विचारायच्या आत उठतो. पॅडेलमध्ये या सवयीने मला जितके गुण दिले, तितकेच घालवले.

तुमच्या लेखकांनी दोन्ही रॅकेटींची परीक्षा स्मॅशवर घेतली आहे, आणि माझे पहिले भांडण इथेच आहे. कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद, मागे तीन मीटर काच आणि तिच्यावर मीटरभर जाळी. या चौकोनात नुसता जोर लावून मारलेला चेंडू काचेवर आपटतो आणि समोरच्यांना आयता, आरामात खेळता येईल असा मिळतो. तो बाजूच्या तीन मीटरच्या भिंतीवरून बाहेर जावा किंवा मागच्या काचेवरून उलटून आपल्याच बाजूला यावा, यासाठी समोरच्यांचा लॉब, म्हणजे आपल्या डोक्यावरून उंच उचललेला चेंडू, आखूड पडावा लागतो, आपण नेटजवळ असावे लागते आणि चेंडू ताजा असावा लागतो. बाकीचा सगळा वेळ आक्रमण म्हणजे नेट न सोडणे. डोक्यावरून लॉब आला, तर दोन पावले मागे जाऊन बंदेहा मारायचा आणि पुन्हा पुढे यायचे. बंदेहा म्हणजे स्पॅनिशमध्ये ताट. वेटर ते हातावर तोलून धरतो तसा हात ठेवून कापलेला हा फटका. त्याचाच जास्त फिरकीचा, जास्त खुनशी भाऊ म्हणजे विबोरा.

एका संध्याकाळी जोडीदाराच्या मुलीला वही देऊन कडेला बसवले. तीन सेटमध्ये माझे डोक्यावरचे फटके 61. त्यातले पूर्ण ताकदीचे 9, आणि त्यातले दोन नेटमध्ये. उरलेले 52 बंदेहा आणि विबोरा. मी स्वतःला ठोकणारी खेळाडू समजते, तरी हा हिशेब. मग नऊ फटक्यांवरून रॅकेट का निवडायची?

आता रॅकेटींकडे येते. नियमाप्रमाणे रॅकेटची लांबी 45.5 सेंटिमीटर, रुंदी 26 सेंटिमीटर आणि जाडी 38 मिलिमीटर यापुढे जाता येत नाही. त्यामुळे बनवणाऱ्यांना खेळायला उरतो तो आकार, आतला फोम, वरचा थर आणि वजन कुठे ठेवायचे हा प्रश्न. या दोन्ही रॅकेटी डायमंड आकाराच्या आहेत, म्हणजे रुंद भाग वर, टोकाकडे. चेंडू जिथे सर्वांत चांगला लागतो ती जागाही वर सरकते आणि गोल रॅकेटपेक्षा लहान होते. वजन हातापासून लांब गेले की फटक्यात जोर येतो, पण रॅकेट फिरवायलाही जोर लागतो. शाळेत शिकवतो ते जडत्व आघूर्ण इथे अगदी उघडे दिसते. तेच पाच ग्रॅम हातापासून दुप्पट अंतरावर नेले की चौपट जाणवतात. म्हणून काचेला घासून टोक खराब होऊ नये यासाठी आपण जी पट्टी हौसेने चिकटवतो, ती वजनासाठी सर्वांत वाईट जागी बसते. हे लक्षात आले त्या दिवशी मी माझी पट्टी काढली. टोकाला ओरखडे पडलेत, पडू देत.

लेखात दोन्ही रॅकेटींचे वजन एकेक आकडा लिहून संपवले आहे. बनवणारे स्वतः वजन ‘इतके ते इतके’ असे दहा-पंधरा ग्रॅमच्या पट्ट्यात देतात. प्रयोगशाळेतल्या तराजूवर माझी वायपर 371 ग्रॅम भरली आणि ओळखीतल्या एकीची, अगदी त्याच नावाची, 364. माझ्या हाताला सात ग्रॅमचा फरक पहिल्या सेटला कळत नाही, तिसऱ्याला नक्की कळतो. त्यामुळे ‘वायपर जड, मेटलबोन हलकी’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोणती वायपर? आणि मेटलबोनच्या बाबतीत तर प्रश्न आणखी पुढचा आहे, कारण तिच्यातली छोटी वजने स्क्रूने काढता-घालता येतात. तुमच्या लेखकांनी ती घालून खेळून पाहिली की काढून? या रॅकेटची खरी गंमत तीच, आणि तिच्यावर एक ओळ नाही.

माझा अनुभव सांगते, तोही एका हाताचा आहे हे धरून. पहिल्या सेटमध्ये वायपर हातात असली की मी वेगळीच बाई असते. चेंडू सुटतो, पृष्ठभाग खरखरीत असल्याने विबोरा काचेवरून खाली बसतो, समोरच्या जोडीचे चेहरे पाहण्यासारखे होतात. तासाभराने मात्र हात भरून येतो. बंदेहाला रॅकेटचे डोके किंचित उशिरा येऊ लागते आणि चेंडू मधल्या जागेच्या जरा खाली लागतो. लॉबनंतर मी नेटवर परत येण्याऐवजी मधेच रेंगाळते. वजने काढलेली मेटलबोन पहिल्या सेटला मला मिळमिळीत वाटली. स्मॅश जातो, पण बाहेर उडत नाही. ऐंशीव्या मिनिटाला मात्र तीच रॅकेट जिथे हवी तिथे वेळेवर पोचत होती, आणि अंगावर मारलेला चेंडू नेटवर नुसता अडवायचा असतो तेव्हा फार उपयोगी पडली. वजने घालून खेळले तेव्हा दोघींतला फरक माझ्यापुरता बराच मिटला. शेवटी मी वजने काढलेल्या मेटलबोनवर आले आणि वायपर जोडीदाराला दिली. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे, आणि टेबल टेनिस खेळलेली असल्याने तिचे मनगट माझ्यापेक्षा चपळ.

लेखातले ‘जास्त के म्हणजे जास्त कडक’ हे वाक्य तर दुरुस्तच करायला हवे. 3के, 12के, 18के यातला ‘के’ म्हणजे कार्बनच्या एका पेडात किती हजार तंतू आहेत तो आकडा. त्यावरून विणीची जात कळते. रॅकेट हाताला कडक लागेल की मऊ, हे थर किती, राळ कोणती आणि आतला फोम किती घट्ट यावर ठरते. त्यात हा फोम उन्हात मऊ होतो आणि थंडीत कडक. चेंडूही उष्म्यात जास्त उसळतो. लेखकांनी रॅकेटी पहाटे खेळून पाहिल्या की भर दुपारी, हे कळले असते तर निम्मे गुण मी मान्य केले असते.

लेखाचा शेवट ‘गालानची की लेब्रॉनची?’ असा केला आहे, कारण मेटलबोन गालानच्या आणि वायपर लेब्रॉनच्या नावाने ओळखली गेली. वाचायला झकास. पण अलेहांद्रो गालान आणि हुआन लेब्रॉन हे दोघे 2020 ते 2022 जगातली पहिल्या क्रमांकाची जोडी होते, 2024 मध्ये वेगळे होईपर्यंत एकाच बाजूने खेळले. गालान डावीकडे, लेब्रॉन उजवीकडे. उजवी बाजू सहसा सावध, चेंडू रचून देणाऱ्या खेळाडूची मानतात, आणि लेब्रॉन तिथून झोडपत असे. डावीकडे डायमंड आणि उजवीकडे गोल, हा जो नियम लेखात गृहीत धरला आहे, तो या जोडीनेच मोडला होता.

आणि एक गोष्ट राहिलीच. माझी पहिली रॅकेट या दोन्हींहून कडक होती. दुकानदाराने बॅडमिंटन ऐकून ती माझ्या हातात दिली आणि मीही फुशारले. चौथ्या महिन्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूने दुखायला लागले. फळ्यावर लिहिताना खडू धरवेना. पुढचे तीन महिने कोर्टाबाहेर. दोष त्या रॅकेटचा म्हणण्यापेक्षा माझ्या घाईचा. पण ‘आराम’ या रकान्यात दोन्ही रॅकेटींना आठ गुण वाचून मी हसले. डोक्याकडे जड असलेली कुठलीही रॅकेट नवख्या हातात देण्यापूर्वी कोपराचा उल्लेख एका वाक्यात तरी यायला हवा होता. तुमची पुरवणी वाचून कितीतरी जण पहिली रॅकेट घेणार आहेत.

पुढच्या तुलनेला रॅकेटचे प्रत्यक्ष वजन आणि तोल, एवढे दोनच आकडे छापा. तोल काढायला पट्टीच्या कडेवर रॅकेट आडवी ठेवली आणि ती जिथे स्थिर राहते ते अंतर मुठीच्या टोकापासून मोजले की झाले. तराजू लागला तर आमच्या प्रयोगशाळेतला शनिवारी दुपारी मोकळा असतो.

आपली वाचक,
पदार्थविज्ञानाची एक शिक्षिका