डोळे भरून येणं म्हणजे समानुभूती नव्हे

प्रिय मीना,

समुपदेशनाच्या नव्या तुकडीची व्यक्तिमत्त्व चाचणी घ्यावी का, असं तू विचारलंस. जरूर घे, पण प्रवेश द्यायचा की नाही हे त्यावर ठरवू नकोस. कोण कुठे अडखळेल याचा अंदाज येतो, एवढाच तिचा उपयोग. स्वभावाचे पाच घटक (भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, कल्पकता, मनमिळाऊपणा, शिस्त) मोजणारी 60 विधानांची चाचणी पुरे. जोडीला मानसशास्त्रज्ञ डेव्हिस यांची समानुभूतीची, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं समजून घेण्याची, 28 विधानांची प्रश्नावली दे. तिचे सात-सात विधानांचे चार भाग आहेत: दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं, कथेतल्या पात्रांत गुंतणं, कळवळा, आणि दुसऱ्याचं दुःख पाहून स्वतःच कासावीस होणं. चारांची बेरीज मात्र करू नकोस. चौथ्या भागात गुण जास्त असले, तर ते चांगलं लक्षण नाही.

भावनिक अस्थिरता जास्त असलेली मुलं बहुधा तिथेच वर दिसतात. समोरची बाई रडायला लागली की यांना स्वतःचीच घालमेल सहन होत नाही. मग ती घालमेल थांबवायला ही मुलं घाईने दिलासा देतात. समज, ती म्हणाली, "सासूबाई चांगल्याच आहेत हो, पण घरी जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो." कासावीस झालेला विद्यार्थी म्हणेल, "होईल सगळं नीट." बडबड्या लगेच विचारेल, "का? काय झालं? नवरा काय म्हणतो?" फार शिस्तीचा असेल तो फॉर्ममधल्या पुढच्या रकान्याकडे वळेल. कल्पक विद्यार्थी दहाव्या मिनिटालाच तिच्या बालपणात शिरेल. अबोल मुलगा मन लावून ऐकेल, पण चेहरा इतका कोरा ठेवेल की तिला वाटेल, याचं लक्षच नाही. फोनवर तर त्याने मधूनमधून "हं" म्हणायला हवंच. खरं तर या सगळ्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं: "त्यांच्याविषयी तक्रार नाही, तरी घरी जायचं म्हटलं की धास्ती वाटते."

सगळ्यात जास्त लक्ष गोड, मनमिळाऊ मुलांकडे दे. शिक्षकांना ती आवडतात, म्हणून त्यांच्या चुका सुटून जातात. "जगण्यात राम राहिला नाही" असं कुणी म्हणालं की ही मुलं मान डोलावून पुढे जातात, कारण अवघड प्रश्न विचारणं त्यांना उद्धटपणा वाटतो. "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" हे वाक्य त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घे. उत्तर 'हो' आलं तर कसा, कधी, साधन हाताशी आहे का, हेही विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सरावासाठी जोड्या लावून 20 मिनिटांचं संभाषण परवानगीने रेकॉर्ड कर. मधली 5 मिनिटं विद्यार्थ्याला शब्दशः लिहायला लाव आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्यापुढे प्रश्न, सल्ला, दिलासा की प्रतिबिंब (समोरच्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगणं), अशी खूण करायला सांग. नंतर मानसशास्त्रज्ञ कागन यांच्या पद्धतीने रेकॉर्डिंग ऐका: थांबवायचं बटण विद्यार्थ्याच्या हातात, आणि तू फक्त विचारायचंस, "इथे मनात काय चाललं होतं?" शिकवायला गेलीस की तो बचावात शिरतो.

समानुभूतीचे गुण तिघांकडून घे: स्वतः विद्यार्थी, अशिलाची (मदत मागायला आलेल्याची) भूमिका करणारा आणि निरीक्षक. मानसशास्त्रज्ञ रॉजर्स यांनी समुपदेशनाचा उपयोग होण्यासाठी 1957 मध्ये मांडलेल्या अटींतच हे आहे की समानुभूती समोरच्याला थोडी तरी जाणवली पाहिजे. तेव्हा अशिलाच्या गुणांना जास्त वजन दे. आणि चाचणीचे निकाल वर्गात वाचून दाखवू नकोस. ज्याचे त्याला बंद पाकिटात दे, नाहीतर पुढच्या जोड्या लावताना कुणी कुणाबरोबर बसायला तयार होणार नाही.

तुझी,
अनघा