कंडेन्सर बदलला पण...

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या गाड्यांवरचा लेख वाचला, मजा आली, पण सगळं रंग आणि क्रोमवरच, वायरिंगबद्दल चकार शब्द नाही, आणि खरं सांगू का, जुनी गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक वेळा करंटच्या भानगडीनेच.

माझंच बघा. गाडी सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची, पंधरा-वीस मिनिटं चालली की फटफट करत बंद, थंड झाली की परत सुरू. मी आधी कार्बोरेटर खोलला (सगळे तिथेच हात घालतात!) मग कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज बनवते ती) बदलली, फरक शून्य. शेवटी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटून देतो तो) कॅप काढली तर आतल्या पॉइंट्सची, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांची, तोंडं काळीनिळी जळलेली, एका बाजूला खड्डा दुसऱ्या बाजूला टेकाड. म्हणजे कंडेन्सर गेलेला. करंगळीएवढा डबा, साधारण 0.2 मायक्रोफॅरडचा, पॉइंट्स उघडताना होणारा स्पार्क तो गिळतो, तो गेला की कॉइलमधनं धड ठिणगीच निघत नाही.

नवा टाकला तर तो आठवड्यात गेला, आजकाल नवीन मालाचा भरवसाच नाय राहिला. म्हणून जुना चालू कंडेन्सर कुणाकडे असेल तर फेकू नका बुवा, डिकीत ठेवा. आणि डायनामो किंवा रेग्युलेटर बदलणार असाल तर गाडी पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) आहे का ते आधी बघा, 1960 च्या आसपासच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या तशाच असायच्या.

पुढच्या लेखात यावर पण लिहा की जरा.

आपला,
एक वाचक