शैवाल कोणते, विकर कोणते?

महोदय,

समुद्रशैवालापासून इंधन देणाऱ्या जिवाणूंविषयीचा लेख आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. असा विषय मराठीत आला, याचे समाधान आहे. मात्र शैवाल तोडणारे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) हाती आले की काम फत्ते, हा त्यातील सूर पटण्याजोगा नाही.

लेखात उल्लेखिलेले अल्जिनेट, म्हणजे पेशीभित्तिकेतील एक चिकट पदार्थ, शैवालांपैकी फक्त तपकिरी शैवालांत असते. (दंतवैद्य दातांचा ठसा घेण्यासाठी जे मिश्रण कालवतात, त्यातही बहुधा हेच असते.) मॅनुरॉनेट आणि गुलुरॉनेट या दोन शर्करासदृश घटकांची ती लांब साखळी असून त्यांचा क्रम जागोजागी बदलतो, त्यामुळे एकट्या विकराकडून ती सहसा पुरती सुटत नाही. अल्जिनेट लायेज नावाच्या जिवाणूजन्य विकरांपैकी काहींना मॅनुरॉनेटचे पट्टे मानवतात, काहींना गुलुरॉनेटचे. काही विकरे साखळी मधूनच तोडतात, तर काही टोकाकडून एकेक घटक सुटा करतात. लाळेतील विकर पिष्टाचे बंध तोडताना पाण्याचा रेणू वापरते. लायेजला तो लागत नाही, आणि तुटलेल्या टोकाशी एक दुहेरी बंध तयार होतो. हा बंध २३५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषत असल्याने तोडणीचा वेग प्रयोगशाळेत सहज मोजता येतो.

खरी अडचण त्यापुढे आहे. सुटा झालेला घटक ग्लुकोजसारखा नसतो आणि मद्यार्कासाठी वापरले जाणारे नेहमीचे यीस्ट तो पचवू शकत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियातील बायो आर्किटेक्चर लॅबच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात व्हिब्रियो स्प्लेंडिडस या सागरी जिवाणूची अल्जिनेटचे तुकडे पेशीत घेणारी व पचवणारी जनुके ई. कोलाय जिवाणूत बसवली आणि लायेज पेशीबाहेर पाठवण्याची वेगळी सोयही केली. एवढा खटाटोप केल्यावर शैवालापासून मिळालेल्या द्रवात आकारमानाने ४.७ टक्के इथेनॉल (मद्यार्क) तयार झाले. पुढे २०१४ मध्ये यीस्टलाही हे साधले, पण तो घटक पेशीत आणणारे वाहक प्रथिन एका सागरी बुरशीकडून घ्यावे लागले. लेखात या साऱ्याचा उल्लेखही नसावा, हे खटकते.

लेखासोबतचे छायाचित्र तामिळनाडूतील कॅपाफायकसच्या लागवडीचे आहे. हे शैवाल कधी हिरवट, कधी तपकिरी दिसत असले तरी ते लाल शैवालांच्या गटातील असून त्यात अल्जिनेट नव्हे, तर कॅराजीनन ही वेगळ्याच शर्करा घटकांची साखळी असते. त्यावर अल्जिनेट लायेजचा काहीही उपयोग नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे सार्गासम मात्र तपकिरी आहे. ते नैसर्गिकरीत्या वाढते आणि लहान माशांना आसरा देते. इंधनाच्या आशेने ते ओरबाडले जाऊ नये, यासाठी तरी लागवडीचे शैवाल आणि खडकावरचे शैवाल यांतील फरक पुढील लेखात स्पष्ट करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी