तुम्ही दिलेल्या नकारांचे आभार

संस्थेतल्या सगळ्या ताई-दादांना,
सप्रेम नमस्कार.

आभारपत्रात काय काय मिळालं ते लिहायची रीत असते. जाळी मिळाली, प्रशिक्षण मिळालं, पहिल्या हंगामाचं मत्स्यबीज मिळालं. यातलं काहीच आम्ही विसरलेलो नाही. पण तळ्यात मासे वाढवणाऱ्या आमच्या बायकांच्या गटाला आज मनापासून आभार मानायचे आहेत ते तुम्ही ठामपणे दिलेल्या नकारांचे.

तळं भरल्याबरोबर बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडायची आम्हाला घाई होती. चुना टाकून झाला होता, शेणखत पडलं होतं, आता कशाला थांबायचं? तुम्ही थांबवलंत. ताईंनी बाही वर केली, काठाशी बसून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. तळवा स्वच्छ दिसत होता. म्हणजे पाण्यात प्लवंग, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, कमी, पिल्लांना खायला काही नाही. पुढे पाण्याला हिरवट रंग चढला, हात कोपरापर्यंत जाईतो तळवा दिसेनासा झाला, तेव्हा कुठे बिजाच्या पिशव्या आल्या. त्याही लगेच उघडू दिल्या नाहीत. आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होऊ दिलं, मग तोंड सोडून तळ्यातलं पाणी थोडंथोडं आत घेतलं. बोटुकली आपापली पोहत बाहेर पडली. आता गटातली कोणीही बाई हात बुडवून तळ्याची तब्येत सांगते. त्यासाठी कुणाला बोलवावं लागत नाही.

दुप्पट बीज टाकू, दुप्पट मासे निघतील, हा आमचा हिशोबही तुम्ही मानला नाहीत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिघं एका तळ्यात नांदतात. पण खायला जागा वाटून घेतली तरी प्राणवायू सगळ्यांचा एकच. दिवसा पाण्यातल्या हिरव्या वनस्पती तो तयार करतात, रात्री त्यांनाही तो लागतो, म्हणून उजाडायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. हे ऐकलं होतं, पण पटलं ते ढगाळ दिवसांनंतरच्या एका पहाटे. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत होते. आम्ही शेण आणि खाद्य बंद केलं, ताजं पाणी सोडलं, बांबूंनी पाणी झोडपलं. ऊन वर आलं तसे मासे खाली गेले. दुप्पट बीज असतं तर त्या दिवशी काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

सगळ्यात मोठा नकार मात्र बारक्या माशांचा. बीज सोडण्याआधी तळ्यातले सगळे जुने मासे विष घालून मारायचे, असंच आम्ही ऐकत आलो होतो. शिकारी मासे तुम्ही जाळं पुन्हापुन्हा ओढून काढायला लावलेत, पण विषाला हात लावू दिला नाहीत आणि मोलासारखे बारके मासे तळ्यातच राहू दिलेत. त्या संध्याकाळी तुम्ही डॉ. शकुंतला हरकसिंग थिल्स्टेड यांच्याबद्दल सांगितलंत. बांगलादेशातल्या तळ्यांमध्ये मोठ्या माशांबरोबर मोला वाढवण्याचं त्यांचं काम, आणि २०२१ साली त्यांना मिळालेला जागतिक अन्न पुरस्कार. मोला डोक्या-काट्यासकट खाल्ला जातो; त्याच्या डोळ्यांत आणि पोटात अ जीवनसत्त्व, काट्यात कॅल्शियम. शिवाय तो तळ्यातच वाढतो, बीज विकत आणावं लागत नाही. मोठा मासा विकायला जातो. घरात आलाच तर त्याचा चांगला तुकडा कुणाच्या ताटात पडतो, हे बायकांना वेगळं सांगायला नको. बारका मासा मात्र वाटून सगळ्यांना पुरतो. मुलांना मिळतो, गरोदर बाईला मिळतो, सगळ्यांना जेवायला वाढणाऱ्या बाईलाही मिळतो. तळ्यामुळे घरात पैसा आला याचा आनंद आहेच, पण आमच्या लेखी तुमचं सगळ्यात मोठं देणं हे आहे.

तळ्याच्या भाडेपट्ट्याचं काय लिहावं? तळ्यावर राबणाऱ्या बायकांची नावं कागदावर नसतील तर काम सुरू होणार नाही, असं तुम्ही भर बैठकीत सांगितलंत. बराच वेळ कुणी बोललं नाही. पण नावं लागली.

पुढे दुसऱ्या हंगामाचं बीज द्यायलाही तुम्ही नाही म्हणालात. विक्रीतून आधी बिजाचे आणि पेंड-कोंड्याचे पैसे बाजूला काढा, उरलेले वाटून घ्या, एवढंच सांगितलंत. तेव्हा काहीजणी नाराज झाल्या होत्या. त्याच आज गटाची हिशोबाची वही सांभाळतात आणि बिजाच्या पैशाला कुणाला हात लावू देत नाहीत.

शेजारच्या वस्तीतल्या बायकांनाही आता तळं घ्यायचंय. त्यांना चुन्यापासून सगळं आम्हीच दाखवणार आहोत. बोटुकली कधी सोडायची, हे त्या पहिल्याच दिवशी विचारून गेल्या. तुमच्यापैकी कुणाला जमलं तर त्या दिवसांत नक्की या.

आपल्या,
तळ्यावरच्या गटातल्या सगळ्याजणी